कार्थेजकरांचं मीठ

दोन हजारांहून जास्त वर्षांपूर्वी संपलेलं युद्ध ज्यांनी अजून सोडलं नव्हतं, असे गृहस्थ पृथ्वीच्या पाठीवर एकच होते आणि ते बिबवेवाडीत, आमच्याच सोसायटीत, बी बिल्डिंगच्या तिसऱ्या मजल्यावर राहत होते. युद्ध रोम आणि कार्थेजचं. कार्थेज म्हणजे भूमध्य समुद्राच्या आफ्रिकेकडच्या काठावरचं, आजच्या ट्युनिसला लागून असलेलं एक जुनं, श्रीमंत, जहाजं बाळगून असलेलं शहर. रोमनांनी तीन युद्धं करून ते जाळलं, पाडलं आणि विषय मिटवला. सगळ्या जगाने तो मिटला असं धरलं. आमच्या कार्थेजकरांनी धरलं नाही.

त्यांचं खरं आडनाव दारावरच्या पाटीवर होतं, पण पोस्टमनशिवाय ते कुणी वाचल्याचं ऐकिवात नाही. आम्ही सगळे त्यांना तोंडावर कार्थेजकर म्हणायचो आणि ते सरळ ‘ओ’ द्यायचे. उंच, काटकुळे, शर्टाच्या खिशात कायम खडू. चालताना जमिनीकडे बघत चालायचे, जणू फरशीखाली एखादं शहर असावं आणि आपला पाय कुणाच्या तरी माजघरात पडू नये.

रोमशी त्यांनी सगळे व्यवहार तोडले होते. एकदा लेक-जावई बंगळूरहून आले आणि जावयाने हौसेने पिझ्झा मागवला. कार्थेजकर दारात आडवे उभे राहिले. डिलिव्हरीवाल्याला म्हणाले, “तुमच्यावर राग नाही. तुम्ही पोटासाठी करता. पण शत्रूच्या घरचं अन्न आत येणार नाही.” शेवटी जावयाने तो दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मधल्या जिन्यात बसून खाल्ला. एकट्याने खाताना माणसाला बरं वाटत नाही म्हणून मी सोबतीला बसलो. जावई मोठा उदार माणूस. आठातले सहा तुकडे त्याने मलाच दिले. लग्नात आहेर आलेल्या भिंतीवरच्या घड्याळावर रोमन आकडे होते. ते कार्थेजकरांनी पात्याने खरवडून काढले आणि तिथे स्वतःच्या हाताने १ ते १२ रेखले, इतके सुबक की घड्याळ वीस मिनिटं मागे पडलं तरी कुणाला चूक काढावीशी वाटत नसे.

रोममध्ये म्हणे एक म्हातारा सभासद होता. भाषणाचा विषय काहीही असो, शेवट एकच, कार्थेज नष्ट झालं पाहिजे. त्याचा सूड कार्थेजकरांनी आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेत घेतला. विषय ड्रेनेजचा असो, लिफ्टचा असो, कबुतरांचा असो, ते उभे राहायचे, अत्यंत मुद्देसूद बोलायचे आणि शेवटी म्हणायचे, “आणि शिवाय, कार्थेजवर अन्याय झाला.” पहिली दोन वर्षं लोक हसले. तिसऱ्या वर्षी सेक्रेटरी वैतागून म्हणाले, “अहो, हे मी इतिवृत्तात लिहायचं कसं?” कार्थेजकर म्हणाले, “मी बोललो तसं.” तेव्हापासून आमच्या सोसायटीच्या दप्तरात हे कायमचं नोंदलेलं आहे. ठराव चौथा, लिफ्टची दोरी बदलणे. कार्थेजवर अन्याय झाला. सर्वानुमते मंजूर.

हे वेड लागलं कुठून? तर नोकरीतून. पाणीपुरवठ्याच्या एका सरकारी कचेरीत ते ड्राफ्ट्समन होते. नोकरीच्या पहिल्याच वर्षी रद्दीच्या ढिगात त्यांना एक इंग्रजी पुस्तक सापडलं, कालवे आणि बंदरं बांधणाऱ्या जुन्या लोकांचं. त्यात कार्थेजच्या बंदराचा नकाशा होता. कार्थेजकर सांगायचे, “मी तो नकाशा ट्रेसिंग पेपरवर उतरवायला घेतला आणि जेवायची सुट्टी संपून गेली ते कळलंच नाही.” माझ्या मते ती सुट्टी पुढे जन्मभर संपली नाही.

त्यांच्या पत्नी, म्हणजे आमच्या काकू, मोजकं बोलायच्या. एकदा मला म्हणाल्या, “लग्नानंतर सहा महिने मला वाटत होतं की कार्थेज हे ह्यांचं मूळ गाव. कोकणात कुठेतरी असेल. सासूबाईंना विचारलं, तिथली ओटी कधी भरायची? त्या म्हणाल्या, तो सांगतो त्यातलं फारसं मनावर घेऊ नकोस.”

“मग तुम्ही घेतलंत?” मी विचारलं.

“घेऊन बघितलं. बाकीच्यांचे नवरे सांगतात त्यापेक्षा बरं होतं.”

निवृत्तीनंतर दर रविवारी सकाळी आठला कार्थेजकर आमच्या पार्किंगमध्ये कार्थेज दाखवायचे. फुकट. आधी सगळ्यांनी वहीत नाव-पत्ता लिहायचा, सही करायची, मग शहरात प्रवेश. गच्चीवरची पाण्याची टाकी म्हणजे बिर्सा टेकडी, शहराचा बालेकिल्ला. तिथे राणीची गोष्ट व्हायची. परदेशातून पळून आलेल्या राणीने इथल्या लोकांकडे एका बैलाच्या कातड्यात मावेल एवढीच जागा मागितली, आणि मग त्या कातड्याच्या दोऱ्यासारख्या बारीक पट्ट्या काढून अख्ख्या टेकडीला वेढा घातला. इथे कार्थेजकर थांबून बिबवेवाडीतल्या नव्या इमारतींकडे बोट दाखवायचे. “बघा. कार्पेट एरिया सांगून टेकडी घेतली बाईने. हे सगळे तिच्यापुढे बालवाडीत.”

मग खाली. बागेतला गोल वाफा म्हणजे आतलं लष्करी बंदर, त्याच्या मधोमध असलेली बोअरिंगच्या पंपाची खोली म्हणजे सरदाराचं बेट. भोवती दोनशेवीस लढाऊ जहाजांचे गाळे, ते खडूने आखलेले. आमच्या स्कूटरी त्या गाळ्यांत लावलेल्या असायच्या. रविवारी कुणाची स्कूटर रेघेबाहेर दिसली की वरून हाक यायची, “जहाज नीट लावा हो! युद्ध आहे!” खोटं वाटेल, पण आमच्या एवढं शिस्तीचं पार्किंग बिबवेवाडीत कुठे नव्हतं. शेजारच्या सोसायट्यांतून लोक ते बघायला यायचे.

मला ते साहाय्यक म्हणून घ्यायचे, पण बोलू द्यायचे नाहीत. कारण एकदाच दिलं होतं. कार्थेजचा सेनापती हत्ती घेऊन बर्फाचे डोंगर ओलांडून रोमवर चालून गेला, ही गोष्ट मी जरा रंगवली. म्हणालो, पाच हजार हत्ती होते आणि प्रत्येकाच्या पायात लोकरीचे मोजे होते. लोकांनी टाळ्या वाजवल्या. कार्थेजकरांनी सगळ्यांसमोर खडू माझ्याकडे रोखला.

“किती हत्ती?”

“पाच हजार नसतील अगदी...”

“सदतीस.”

“बरं, सदतीस.”

“आणि मोजे?”

“थंडी असते हो तिथे.”

“मोजे तुम्हाला कुणी सांगितले?”

ते लोकांकडे वळले आणि म्हणाले, “मोज्यांना आधार नाही. कृपया विसरा.” आणि लोक मोजे विसरेपर्यंत पुढे सरकले नाहीत.

असे ते खऱ्याला चिकटणारे. त्यात त्यांना त्रासही व्हायचा. कार्थेजचे आज जे भग्नावशेष दिसतात, समुद्राकाठची भली मोठी स्नानगृहं, मैलोन् मैल पाणी आणणाऱ्या कमानी, ते बहुतेक सगळं नंतर रोमनांनीच त्या जागेवर पुन्हा गाव वसवून बांधलेलं. मूळच्या लोकांच्या बंदरांची आता दोन तळी उरलीत. पाणीपुरवठ्यात हयात घालवलेल्या माणसाला त्या कमानींचं कौतुक लपवता येत नसे. ते मान खाली घालून, दातांतल्या दातांत म्हणायचे, “पाणी मात्र त्यांनी उत्तम आणलं. उतार अचूक.” आणि लगेच पुढचा मुद्दा. “एकदा जाऊन या की,” असं कुणी म्हटलं तर उत्तर ठरलेलं. “शत्रूची घरं बघायला तिकीट काढू?”

पण सगळ्यात रंगायचा तो शेवट. शहर पडलं, सतरा दिवस जळत राहिलं, उरलेल्या माणसांना गुलाम म्हणून विकलं. इथे कार्थेजकरांचा आवाज खाली यायचा. ते कागदाच्या पुडीतून मूठभर जाडं मीठ काढायचे आणि गोल वाफ्यात भिरकावायचे. “आणि मग, इथे पुन्हा गवताचं पातंही उगवू नये म्हणून, त्यांनी जमिनीत मीठ पेरलं.” बायका डोळे टिपायच्या. एकदा दूधवाला किटली खाली ठेवून रडला होता, दूध नासेपर्यंत. वाफ्यातली जास्वंद तीनदा मेली. माळी म्हणाला, साहेब, हे रोमन कोण ते मला दाखवा एकदा. त्या मिठाच्या दुःखापायी कार्थेजकर लग्नापासून दर रविवारी अळणी जेवायचे. म्हणजे काकूंनाही अळणी आमटी करायला लागायची.

हे सगळं एका रविवारी कोसळलं.

ए बिल्डिंगमध्ये भाड्याने राहायला आलेली प्रज्ञा ही भंडाऱ्याची मुलगी, पुरातत्त्वात पीएच.डी. करणारी. त्या दिवशी तिने वहीत सही केली, दोन तास न कंटाळता उभी राहिली, बंदराच्या मापांना मान डोलावली. मीठ पडल्यावर सगळे गलबलले असताना ती सहज म्हणाली, “काकाजी, एकदम भारी. फक्त मिठाचा सोर्स काय हो?”

“सोर्स?”

“म्हणजे जुन्या कुठल्या लेखकाने लिहिलंय? कारण जाळल्याचं, पाडल्याचं आहे. मीठ कोणाच्यातच नाही न. ते खूप अलीकडे घुसलंय पुस्तकांत. आम्हाला पहिल्याच वर्षी सांगतात.”

मला वाटलं, आता कार्थेजकर हिला शहराबाहेर काढणार. त्यांनी फक्त हातातली पुडी नीट दुमडली. “बघतो,” म्हणाले, आणि जिना चढून गेले.

पंधरा दिवस ते दिसले नाहीत. सात जाडजूड पुस्तकं होती त्यांच्याकडे, ती पहिल्या पानापासून पुन्हा वाचली. प्रज्ञाकडून आणखी चार मागवली. मी एकदा डोकावलो तर जमिनीवर पुस्तकांच्या मधोमध बसलेले, दाढी वाढलेली.

“सापडलं?” मी विचारलं.

“सापडलं. तीन पुस्तकांत मीठ आहे. तिन्हींत त्या वाक्याला तळटीप नाही.” मग माझ्याकडे बघून म्हणाले, “कचेरीत सही नसलेला नकाशा मी कधी टेबलावर घेतला नाही. आणि बिनतळटिपेचं वाक्य चाळीस वर्षं लोकांना सांगत बसलो. तुमचे मोजे तरी मी जागच्या जागी काढले. माझे कुणी काढले नाहीत.”

पहिली कबुली त्यांनी घरातच दिली. काकू भाजी निवडत होत्या. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “म्हणजे मीठ नव्हतंच?”

“आधार नाही.”

“आणि मी चाळीस वर्षं रविवारची आमटी अळणी करतेय.”

“हो.”

“रोमनांना तरी माहीत होतं का, मला किती त्रास होतोय ते?” असं म्हणून त्या उठल्या आणि त्या दिवशी, तो मंगळवार होता, त्यांनी आमटीत असं काही मीठ घातलं की कार्थेजकर तीन तांबे पाणी प्यायले आणि त्यांनी हूं की चूं केलं नाही.

मग त्यांनी ठरवलं ते ऐकून सोसायटी हबकली. ज्याचं एक वाक्य खोटं निघालं त्याने बंदर दाखवायला उभं राहू नये. आधी ज्यांना ज्यांना मीठ सांगितलं, त्या प्रत्येकाला भेटून ते परत घ्यायचं. वही होतीच. कचेरीतल्या दिवसांपासूनची. तीनशे चौदा नावं. प्रज्ञा घाबरून धावत आली. “काकाजी, सोडा न! मी सहज बोलली. कोणी लक्षात पण नाही ठेवत हो.”

“मॅडम,” कार्थेजकर म्हणाले, त्या दिवसापासून ते तिला मॅडमच म्हणायचे, “त्यांच्या लक्षात आहे की नाही हा त्यांचा प्रश्न. मी सांगितलं, हा माझा.”

रांगेत सतरावा नंबर माझा लागला. घरी आले, पायताण काढलं, उभ्याउभ्याच सगळं म्हणून दाखवलं आणि विचारलं, “तुम्ही ही गोष्ट पुढे किती जणांना सांगितलीत?”

“असतील दोन-तीन.”

“खरं सांगा.”

खरं सांगायचं तर माझ्या तोंडून ते मीठ पुण्यात सगळीकडे पोचलं होतं. त्यात मी दहा हजार बैलगाड्याही घातल्या होत्या आणि मिठागराचा एक दगाबाज मालक. मी मान खाली घातली. त्यांनी एक कोरा कागद माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाले, “नावं लिहा. तुमच्या स्कूटरवरून जाऊ. माझी आणि तुमची एकदम करू.”

असे आम्ही चार महिने पुणं पालथं घातलं. कुणाच्या दारात उभं राहून, “नमस्कार. अमुक साली मी आपल्याला सांगितलं होतं की रोमनांनी कार्थेजमध्ये मीठ पेरलं. त्याला आधार नाही. क्षमा असावी,” असं म्हटलं की काय होतं, ते मी जन्मभर विसरणार नाही. कर्वेनगरच्या एका बाईंना वाटलं, आम्ही मीठ विकायला आलोय. म्हणाल्या, “आयोडीनचं असेल तरच घेते.” एका निवृत्त मास्तरांनी चष्म्यावरून बघत विचारलं, “मग काय पेरलं?” कार्थेजकर म्हणाले, “काही पेरल्याची नोंद नाही.” मास्तर म्हणाले, “मग एवढ्यासाठी दोन जिने चढलात?” आणि पाणी दिलं. एकाने आत या म्हटलं नाही, पण दारातल्या दारात आमचा मुद्दा नीट लिहून घेतला. कॅनडातल्या दोघांना आवाजी निरोप गेले. सात जण वारले होते. तिथे कार्थेजकरांनी त्यांच्या मुलांना सांगितलं. बहुतेकांना काहीच आठवत नव्हतं. मला वाटलं, ह्याने त्यांना बरं वाटेल. स्कूटरवर मागून ते म्हणाले, “मीठ विसरले ते ठीक. पण बंदरही विसरले हो.”

शेवटी वहीत एकच नाव राहिलं, आणि कार्थेजकरांची पावलं अडली.

ते नाव त्यांच्या कचेरीतल्या मोठ्या साहेबांचं. तीसएक वर्षांपूर्वी जेवणाच्या सुट्टीत कार्थेजकर सगळ्यांना मीठ सांगत होते. साहेब पलीकडून म्हणाले, “एका चौरस फुटाला किती मीठ धरलंत?” आणि पाकिटाच्या पाठीवर गुणाकार करून दाखवला. एवढ्या शहराला एवढे वॅगन मीठ. ते वाहायला जेवढी माणसं लागतील तेवढी लढणार कधी? सगळे साहेबांच्या बाजूने मान हलवायला लागले. कार्थेजकरांचा तोल गेला. म्हणाले, “साहेब, ज्यांना बांधलेली टाकी गळायची थांबवता येत नाही, त्यांनी कार्थेजबद्दल बोलू नये.” साहेबांनी आराखडा केलेली एक टाकी तेव्हा खरोखरच गळत होती. सगळी कचेरी हसली. साहेब डबा अर्धा टाकून उठून गेले. पुढची तीन वर्षं दोघं एका दालनात बसून फक्त फाइलीवर बोलले. ‘पाहिले.’ ‘सुधारावे.’ ‘सुधारले.’ साहेब निवृत्त झाले त्या दिवशी कार्थेजकरांनी रजा टाकली होती.

“बाकी तीनशे तेरांसमोर मी चुकलो,” कार्थेजकर मला म्हणाले. “ह्यांच्यासमोर ते बरोबर होते, आणि मी त्यांना हसवलं. म्हणजे लोकांना, त्यांच्यावर.”

एक महिना गेला, दीड महिना गेला. छातीत कळ येते म्हणून डॉक्टरांनी त्यांना जिने कमी करायला सांगितले. रविवारी पार्किंगमध्ये लोक येऊन, वाट बघून परत जायचे. स्कूटरी वाटेल तशा लागायला लागल्या. शेवटी काकूंनीच मला बोलावलं. “ह्यांना नारायण पेठेत घेऊन जा. गेले नाहीत तर हे असेच बसून राहतील. आणि उशीर झाला तर कुणाला सांगणार?”

साहेब नारायण पेठेत एका लिफ्टच्या इमारतीत मुलाकडे राहत होते. वय अठ्ठ्याऐंशी. खुर्चीत ताठ बसलेले, कानात यंत्र. कार्थेजकर दारातच थांबले, हातात फाइल धरल्यासारखे हात पुढे जोडून.

“कोण?”

“साहेब, मी. ट्रेसिंगचा.”

साहेबांनी वरपासून खालपर्यंत बघितलं. “चपला बाहेर काढा,” म्हणाले. मग, “बोला.”

“मिठाबद्दल आलोय. रोमनांनी मीठ पेरल्याला जुन्या साधनांत आधार नाही. आपण गुणाकार केला होता तो योग्य होता. मी चुकलो.”

साहेबांनी यंत्र चाचपलं. “पुन्हा सांगा.”

कार्थेजकरांनी पुन्हा सांगितलं.

“अजून एकदा.”

मी पुढे होऊन मोठ्याने ओरडणार, तेवढ्यात साहेबांची सून स्वयंपाकघरातून म्हणाली, “बाबा, पुरे. पहिल्यांदाच ऐकू आलंय तुम्हाला.” साहेबांच्या मिशीत काहीतरी हललं. कार्थेजकरांनी तिसऱ्यांदाही सांगितलं, अगदी तेवढंच, एक शब्द कमी-जास्त न करता.

“आणि टाकीचं?” साहेब म्हणाले.

एवढं एक वाक्य मागे घेतलं असतं की सगळं गोड झालं असतं. मी असतो तर टाकी इतकी कोरडी केली असती की तिच्यात धान्य साठवावं. कार्थेजकर म्हणाले, “टाकी गळत होती, साहेब. ते सगळ्यांसमोर म्हणायला नको होतं, त्याची क्षमा मागतो. पण गळत होती.”

मग साहेब हसायला लागले. हसता हसता खोकले, सुनेने पाणी आणलं. “गळत होती,” ते म्हणाले. “आजही गळत असेल. सांधा मीच चुकीचा काढला होता. इतक्या वर्षांत एकानेही मला तोंडावर सांगितलं नाही. बसा हो, उभे काय.” आणि कार्थेजकर टेकतात न टेकतात तोच, “त्या दिवशी मिठाच्या आधी तुम्ही बंदराचं काहीतरी सांगत होता. मी गुणाकाराच्या नादात ऐकलं नाही. गोल बंदर म्हणजे नेमकं कसं? गाळ काढायचे कसा?”

कार्थेजकरांचा हात आपोआप खिशात गेला. सून “अहो, फरशी...” म्हणेपर्यंत नारायण पेठेत कार्थेजचं बंदर उघडलं होतं.

त्यानंतर रविवारी सकाळी बिबवेवाडीत आणि दुपारी नारायण पेठेत अशा दोन फेऱ्या सुरू झाल्या. नारायण पेठेत श्रोता एकच, पण प्रश्न विचारायचा दोनशे. लाकूड कुठलं, उतार किती, पाणी कुठून. कार्थेजकर दर वेळी दोन प्रश्न घेऊन घरी यायचे आणि आठवडाभर पुस्तकांत डोकं घालायचे. पार्किंगमधल्या फेरीचा शेवट आता असा व्हायचा. “शहर सतरा दिवस जळत होतं.” बस. पुढे काही नाही. ते खाली बघत उभे राहायचे. मिठाच्या वेळी लोक डोळे टिपायचे, आता कुणाला टिपायचंही सुचत नसे.

अशी आठ महिने मजा चालली. मग एका गुरुवारी सकाळी कार्थेजकर चहाची वाट बघत खुर्चीत बसले होते ते तसेच गेले. मांडीवर उघडं पुस्तक होतं. काकू मला म्हणाल्या, “कुठल्या पानावर गेले ते बघून ठेवलंय मी. खूण घातली आहे.”

तेराव्याला साहेब आले. आमची लिफ्ट बंद होती, सर्वानुमते मंजूर असूनही. काठी टेकत, प्रत्येक मजल्यावर थांबत ते तीन मजले चढले. काकूंना नमस्कार केला, फोटोसमोर पाच मिनिटं उभे राहिले. मग मला खिडकीपाशी बोलावलं.

“स्कूटरवाले तुम्हीच ना?”

“हो, साहेब.”

“शेवटच्या रविवारी ते म्हणाले, बंदराचं तोंड सत्तर फूट रुंद होतं आणि लोखंडी साखळ्या ओढून ते बंद करायचे. मी विचारलं, एवढी जड साखळी ओढायचे कशाने? माणसांनी, बैलांनी, की काठावर चाक होतं? म्हणाले, बघून सांगतो.” साहेबांनी कानातलं यंत्र नीट केलं. “तुम्ही सगळीकडे बरोबर असायचात. तुम्हाला माहीत आहे का?”

माझ्या जिभेवर सगळं तयार होतं. दोनशे बैल, पितळेचं चाक, बुरुजावर उभा राहून शिंग फुंकणारा काळा पहारेकरी, आणि साखळीच्या प्रत्येक कडीवर राणीचं नाव. साहेब उत्तरासाठी कान पुढे करून उभे होते. असा श्रोता मला आयुष्यात मिळाला नव्हता. मी तोंड उघडलं.

“मला माहीत नाही,” मी म्हणालो. “वाचतो आणि रविवारी येऊन सांगतो.”

“या,” साहेब म्हणाले आणि काठी सावरून जिन्याकडे वळले. “पण ह्याच रविवारी. मला अठ्ठ्याऐंशी पूर्ण आहेत.”